रुग्णाला एका रुग्णालयातून दुसरीकडे किंवा घरी हलवताना: पुण्यातील कुटुंबांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

गेल्या वर्षी पावसाळ्यात माझ्या सासूबाई, वय ७९, सदाशिव पेठेतल्या आमच्या जुन्या घराच्या मोरीत घसरल्या आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. पुढच्या ३७ दिवसांत त्यांचा मुक्काम चार वेळा बदलला: घराजवळचे छोटे नर्सिंग होम, तेथून शस्त्रक्रियेसाठी मोठे रुग्णालय, मग चालण्याच्या सरावासाठी पुनर्वसन केंद्र आणि शेवटी घर. शस्त्रक्रिया उत्तम झाली. घोटाळा झाला तो पुनर्वसन केंद्रात. त्यांची रक्तदाबाची नेहमीची गोळी आम्ही घरून नेऊन देत होतो आणि शस्त्रक्रियेच्या रुग्णालयाने तेच औषध दुसऱ्या कंपनीच्या नावाने लिहून दिले होते. तीन दिवस दोन्ही गोळ्या चालू राहिल्या. चौथ्या दिवशी व्यायामासाठी उभे केल्याबरोबर त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि रक्तदाब ८४/५० निघाला. फिजिओथेरपिस्टने वेळीच धरले म्हणून दुसरे हाड वाचले.

यात कोणा एकाला दोष देता येईल असे मला आजही वाटत नाही. प्रत्येक ठिकाणी प्रत्येकाने आपापले काम केले होते. दोन ठिकाणांमधला सांधा मात्र कोणाच्याच ताब्यात नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने औषधांमुळे होणारी इजा टाळण्यासाठी २०१७ मध्ये जी जागतिक मोहीम सुरू केली, तिच्यात विशेष लक्ष देण्याच्या तीन बाबींपैकी एक म्हणजे रुग्णाचे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणे हीच आहे. हा सांधा कुटुंबाने कसा सांभाळावा, एवढ्यापुरतेच खालील टप्पे आहेत. मी डॉक्टर नाही. कोणते औषध घ्यावे किंवा थांबवावे हा निर्णय नेहमी डॉक्टरांचाच असतो, पण त्यांच्यासमोर योग्य माहिती योग्य वेळी ठेवणे आपल्या हातात असते.

१. एक माणूस आणि एक वही ठरवा

पहिल्याच दिवशी घरातील एका व्यक्तीकडे माहितीची जबाबदारी द्या. रात्री सोबतीला कोणीही राहो, बिल कोणीही भरो, पण डॉक्टरांचे म्हणणे ऐकणे, लिहून ठेवणे आणि पुढच्या ठिकाणी सांगणे हे काम एकाच व्यक्तीचे असावे. आमच्याकडे सकाळच्या राउंडला सासरे, संध्याकाळच्या राउंडला मी आणि फोनवर बंगळूरुचे दीर अशी व्यवस्था होती. परिणामी कौटुंबिक व्हॉट्सॲप गटावर एकाच दिवशी तीन वेगवेगळे निदान फिरत होते. दोनशे पानी साधी वही घ्या. प्रत्येक नोंदीला तारीख, वेळ आणि सांगणाऱ्या डॉक्टरांचे नाव असू द्या. जो सोबतीला असेल त्याने वहीत लिहावे आणि जबाबदार व्यक्तीने रोज रात्री ती वाचावी.

२. फाईल तयार करा

प्लॅस्टिकच्या कप्प्यांची एक फाईल घ्या आणि कागद तारखेनुसार, सर्वांत नवा वर अशा क्रमाने लावा. तिच्यात पुढील गोष्टी असाव्यात:

– पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत रुग्णाचे पूर्ण नाव, जन्मतारीख, रक्तगट, जुने आजार आणि ॲलर्जी. ॲलर्जी लाल शाईने लिहा आणि त्या औषधाने नेमके काय झाले होते तेही लिहा. ‘अंगावर पित्त उठले’ आणि ‘श्वास कोंडला’ यांत डॉक्टरांच्या दृष्टीने मोठा फरक असतो.
– सध्याच्या औषधांची यादी (टप्पा ३ पाहा).
– रक्ताचे अहवाल, ईसीजी, एक्स-रे फिल्म. सीटी किंवा एमआरआय झाला असेल तर केवळ छापील अहवाल पुरत नाही, चित्रांची सीडी मागून घ्या; ती नसली की पुष्कळदा तपासणी पुन्हा करावी लागते.
– स्टेंट, पेसमेकर किंवा कृत्रिम सांधा बसवला असल्यास त्याचे कार्ड अथवा स्टिकर.
– आधार, शिधापत्रिका, विमा कार्ड आणि काढलेला असल्यास १४ अंकी आभा क्रमांक (केंद्र सरकारचा डिजिटल आरोग्य ओळख क्रमांक). महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली उपचार घ्यायचे असतील तर शिधापत्रिका आणि आधारवरील नावांची स्पेलिंग जुळतात का, हे आधीच पाहा.

येथे एक सापळा आहे. विम्याचा परतावा मागताना मूळ कागद जमा करावे लागतात आणि ते सहसा परत मिळत नाहीत. आमच्या परिचयातील एका गृहस्थांची मूळ डिस्चार्ज समरी अशीच विमा कंपनीकडे गेली आणि दोन महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी ती मागितली तेव्हा हाती काहीच नव्हते. प्रत्येक कागदाची छायाप्रत काढा आणि मोबाईलवर स्वच्छ उजेडात फोटोही घ्या.

कागद देण्यास कोणी टाळाटाळ करू लागले तर हे ध्यानात असू द्या की भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत उपचारांच्या नोंदी देणे बंधनकारक आहे. मागणी लेखी करा आणि पोच घ्या. सौम्य शब्दांतील लेखी अर्जाने जे काम होते, ते काउंटरवरच्या आवाजाने होत नाही, असा माझा अनुभव आहे.

३. औषधांची खरी यादी करा

संपूर्ण लेखातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच आहे, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहिते.

घरातील सगळी औषधे एका पिशवीत गोळा करून टेबलावर ओता. उशीखालची, देवघरातली, पर्समधली, फ्रिजच्या दारातली, काहीही वगळू नका. नंतर प्रत्येक पाकिटावरील दोन नावे वाचा: मोठ्या अक्षरांत कंपनीने दिलेले नाव आणि त्याखाली बारीक अक्षरांतील मूळ घटकाचे नाव. केमिस्ट ज्याला ‘कंटेंट’ म्हणतात ते हेच. यादी मूळ घटकाच्या नावाने करा. टेल्मिसार्टन हे रक्तदाबाचे एकच औषध बाजारात कितीतरी नावांनी मिळते आणि आमच्याकडे ते एकाच डब्यात दोन नावांनी पोहोचले होते. शिवाय काही गोळ्यांत दोन-तीन औषधे एकत्र असतात. त्यातील प्रत्येक घटक वेगळा लिहा, नाहीतर दुहेरी डोस नजरेतून सुटतो.

प्रत्येक औषधापुढे पाच गोष्टी लिहा: मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, जेवणाआधी की नंतर, कशासाठी, आणि शेवटचा डोस केव्हा घेतला. शेवटचा मुद्दा अनेक जण सोडून देतात, पण रुग्ण दुपारी तीन वाजता नव्या वॉर्डात पोहोचला की तेथील सिस्टरला सर्वांत आधी हेच हवे असते. आयुर्वेदिक काढे, होमिओपॅथीच्या गोळ्या, शेजाऱ्यांनी सुचवलेली गुडघेदुखीची पावडर, डोळ्यांतले थेंब आणि झोपेची गोळी यांचीही नोंद करा. माझ्या सासूबाई रोज रात्री एक गोळी घेत असत, हे त्यांच्या मुलाला चाळीस वर्षांच्या सहवासात कळले नव्हते.

मुक्काम बदलताना पुढील औषधांबाबत विशेष जपा आणि डॉक्टरांना नाव घेऊन विचारा.

रक्त पातळ करणारी औषधे. वॉर्फरिन किंवा ॲसिनोकुमेरॉल चालू असेल तर शेवटचा आयएनआर अहवाल (रक्त गोठायला किती वेळ लागतो, हे दाखवणारी तपासणी) कितीचा व कोणत्या तारखेचा, आणि पुढचा कधी करायचा, हे लिहून घ्या. शस्त्रक्रियेसाठी ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल थांबवले असेल तर ते कोणत्या तारखेपासून पुन्हा सुरू करायचे, हे समरीत स्पष्ट असले पाहिजे. स्टेंट बसवलेल्या रुग्णाने हे प्रकरण अंदाजावर सोडणे जिवावर बेतू शकते.

इन्सुलिन. आपल्याकडे कुपीतील इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचे असते आणि पेनमधील कार्ट्रिजचे १०० युनिटचे. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी, नारिंगी टोपणाची १०० साठी. १०० चे इन्सुलिन ४० च्या सिरिंजने ओढले तर रुग्णाला अडीचपट मात्रा मिळते. रुग्णालयात पेन आणि घरी कुपी असा बदल होणार असेल तर सिस्टरकडून एकदा हाताने करून दाखवून घ्या.

मेथोट्रेक्सेट. संधिवातासाठी हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज दिले गेल्याने गंभीर विषबाधा झाल्याची उदाहरणे जगभर नोंदली गेली आहेत. यादीत नुसते ‘आठवड्यातून एकदा’ असे न लिहिता वार लिहा: ‘फक्त रविवारी’.

मेटफॉर्मिन. डाय (चित्र स्पष्ट यावे म्हणून शिरेतून देतात ते द्रव्य) टोचून सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफी करताना काही रुग्णांमध्ये मधुमेहाचे हे औषध थांबवतात. थांबवताना सर्वांना आठवते. पुन्हा सुरू करायचे की नाही, हे विचारायचे मात्र राहून जाते.

यादीच्या चार प्रती काढा आणि प्रत्येकीवर तारीख घाला. औषध बदलले की जुनी यादी फाडून टाका. खाडाखोड केलेली यादी ही यादी नसल्यापेक्षा अधिक धोक्याची असते.

४. निघण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे घ्या

पहिला प्रश्न: पलीकडे खाट नक्की आहे का? ‘या, बघू’ हे उत्तर ग्राह्य धरू नका. कोणत्या विभागात, कोणाच्या देखरेखीखाली दाखल करणार, त्या डॉक्टरांचे नाव विचारा. अतिदक्षता विभागाची खाट लागणार असेल तर व्हेंटिलेटरसह हवी की त्याविना, हेही स्पष्ट करा.

दुसरा प्रश्न: इकडचे डॉक्टर तिकडच्या डॉक्टरांशी स्वतः बोलले का? तुम्ही मधले दूत होऊ नका. आपण निरोप नेतो तेव्हा ‘सोडियम कमी आहे’ याचे ‘मीठ कमी पडले आहे’ असे होते. दोन डॉक्टरांचे थेट बोलणे झाल्यावर ते किती वाजता झाले, ते वहीत लिहा.

तिसरा प्रश्न: प्रवास झेपेल इतकी प्रकृती स्थिर आहे का? तातडीच्या रुग्णाला आधी प्राण वाचवण्यासाठी आवश्यक ते उपचार देणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट केले आहे. त्यामुळे ‘आधी इथे जे करता येईल ते करा, मग हलवू’ असे म्हणण्यात संकोच बाळगू नका.

सोबत नेण्याच्या ट्रान्सफर समरीत निदान, आतापर्यंतचे उपचार, हलवण्याचे कारण, निघतानाची नाडी, रक्तदाब आणि ऑक्सिजन, तसेच दिलेल्या औषधांच्या वेळा असाव्यात. निवड करण्याची मोकळीक असेल तर सकाळी हलवा. रात्री आणि रविवारी सर्वत्र मनुष्यबळ कमी असते आणि नव्या ठिकाणी रुग्णाला ओळखणारे कोणी नसते.

५. प्रवासाची तयारी

तातडीच्या वेळी १०८ क्रमांकावर फोन करा; राज्य शासनाची ही विनामूल्य रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून सुरू आहे. घरी सोडण्यासाठी किंवा आधी ठरवून दुसरीकडे नेण्यासाठी बहुधा खासगी गाडी करावी लागते. तेव्हा केवळ ‘ॲम्ब्युलन्स हवी’ असे सांगू नका. स्ट्रेचर, ऑक्सिजन, मॉनिटर, व्हेंटिलेटर, सोबत डॉक्टर किंवा प्रशिक्षित ब्रदर, यांपैकी काय लागणार, हे पाठवणाऱ्या डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि तेवढेच मागा. पुष्कळ गाड्यांत ‘ऑक्सिजन आहे’ म्हणजे सिलिंडर आहे एवढाच अर्थ असतो. काटा स्वतः पाहा. मध्यम आकाराच्या बी प्रकारच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर प्राणवायू असतो. मिनिटाला ५ लिटरने तो कागदोपत्री ५ तास पुरतो, अर्धा असेल तर अडीच तास. तुमच्या अंदाजाच्या दुप्पट वेळ पुरेल एवढा साठा असल्याशिवाय निघू नका.

दुप्पट वेळ का, हे पुणेकरांना सांगायला नको. संध्याकाळी स्वारगेटहून सिंहगड रस्त्याला किंवा स्टेशनकडून हडपसरला लागणारा वेळ नकाशावर वेगळा आणि गाडीत वेगळा असतो. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी, टिळक, केळकर आणि कुमठेकर या रस्त्यांवर विसर्जनाच्या मिरवणुका असतात आणि पालख्यांच्या मुक्कामात शहराचा मध्यभाग वाहनांना बंद होतो. त्या दिवशी टाळता येण्यासारखे स्थलांतर टाळाच. जुन्या वाड्यांत राहणाऱ्यांनी आणखी एक पाहावे: जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर वळते का? आमच्याकडे वळले नाही आणि चार माणसांनी सासूबाईंना चादरीच्या झोळीतून खाली आणले. मोडलेल्या हाडासाठी हे किती वाईट होते, ते नंतर कळले. गाडीवाल्यांना आधीच सांगितले तर ते दुमडता येणारी जिन्याची खुर्ची किंवा स्कूप स्ट्रेचर (दोन भागांत उघडून रुग्णाच्या अंगाखाली सरकवता येणारे) आणतात, असेही नंतरच कळले.

नळ्यांकडे लक्ष द्या. लघवीची पिशवी निघण्यापूर्वी रिकामी करून घ्या आणि उचलताना ती रुग्णाच्या पोटावर ठेवू देऊ नका; ती कायम मूत्राशयाच्या पातळीखाली राहिली पाहिजे, अन्यथा लघवी उलट जाऊन जंतुसंसर्ग होतो. नाकातील नळी चिकटपट्टीने पक्की आहे का ते पाहा आणि निघण्याच्या अगदी आधी तिच्यातून दूध किंवा पेज देऊ नका.

६. नव्या ठिकाणचा पहिला तास

बिलिंगच्या रांगेत दुसऱ्या कोणाला तरी उभे करा. फाईल सांभाळणाऱ्याने खाटेजवळच थांबावे. मनगटावरील पट्टीवर पूर्ण नाव आहे ना ते वाचा. सासूबाईंच्या वॉर्डात दोन देशपांडे आजी होत्या, आणि वॉर्डातले मदतनीस मामा-मावशी सर्वांना नुसते ‘आजी’ म्हणत. ड्युटीवरील डॉक्टर आणि सिस्टर या दोघांना ॲलर्जी तोंडी सांगा, औषधांची यादी हातात द्या आणि त्यांनी लिहिलेल्या औषधांच्या तक्त्याशी ती ताडून दाखवण्याची विनंती करा. यादीत आहे पण तक्त्यात नाही, किंवा तक्त्यात नवे आहे, अशा प्रत्येक औषधाचे कारण विचारा. कधी ते मुद्दाम थांबवलेले असते, कधी राहून गेलेले असते. विचारल्यावाचून फरक कळत नाही.

घरची औषधे परस्पर देऊ नका. आमची चूक नेमकी हीच होती.

पाठीवर, माकडहाडावर आणि टाचांवर लाली किंवा जखम आहे का, हेही सिस्टरसोबत त्याच वेळी पाहून घ्या आणि नोंदवायला सांगा.

७. डिस्चार्जचा दिवस

या दिवशी सर्वांना घाई असते. बिल, विम्याची मंजुरी, फार्मसीत औषधे परत करणे, लिफ्टची रांग. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार रुग्णालयाकडून डिस्चार्जची विनंती मिळाल्यापासून ३ तासांत विमा कंपनीने अंतिम मंजुरी देणे अपेक्षित आहे. हा वेळ फुकट दवडू नका. समरी वाचण्यासाठी वापरा. तसेच या प्रतीक्षेत दुपारचा डोस, जेवण आणि इन्सुलिन चुकत नाही ना, हे पाहा. कागदोपत्री रुग्ण ‘सुटलेला’ असतो, त्यामुळे औषधांची ट्रॉली त्याच्या खाटेपाशी थांबेलच असे नाही.

समरीची कच्ची प्रत आधी मागा. डावा पाय की उजवा, वय, तारखा, ॲलर्जी, या गोष्टी तपासा; छापील मजकुरात जुन्या रुग्णाची ओळ राहून जाऊ शकते. औषधांच्या पुढील संक्षेपांचा अर्थ विचारून मराठीत लिहा. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस गरज पडली तरच. त्यानंतर यादीचे चार भाग करून घ्या: चालू ठेवायची, मात्रा बदललेली, नवी आणि बंद केलेली. पहिले तीन भाग समरीत असतात. ‘बंद केलेली’ हा भाग बहुतेक समरींत नसतोच, म्हणून तो मागून लिहून घ्यावा.

मग सिस्टरना म्हणा, ‘मी काय समजले ते तुम्हाला सांगते, चुकले तर दुरुस्त करा.’ नुसती मान डोलावून बाहेर पडण्यापेक्षा ही पाच मिनिटे कितीतरी उपयोगी पडतात. मी असे सांगताना पोटात टोचायचे रक्त पातळ करणारे इंजेक्शन किती दिवस द्यायचे, हे माझ्या डोक्यात चुकीचे बसलेले आढळले.

अहवाल यायचे राहिले आहेत का, हे अवश्य विचारा. कल्चरला (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला) दोन-तीन दिवस किंवा अधिक लागतात, बायोप्सीला त्याहून जास्त. अहवाल कोणी आणायचा, कोणाला दाखवायचा आणि त्यासाठी कोणता फोन क्रमांक लावायचा, तारखेसह लिहा. हातातील सलाईनची सुई काढली आहे ना, हेही पाहा; ती तशीच घरी आल्याचे मी ऐकले आहे.

डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेण्याची वेळ आली, तर सही करण्यापूर्वी धोके समजून घ्या आणि तरीही समरी व औषधांची चिठ्ठी मागा. सही केली म्हणून कागदांवरचा हक्क संपत नाही.

८. घरी पहिले पंधरा दिवस

रुग्ण येण्यापूर्वी खाट, कमोड, वॉकर आणि लागणार असल्यास ऑक्सिजन यंत्र घरी आलेले असावे. ही साधने भाड्याने मिळतात. ब्युरोकडून येणाऱ्या ताईंना किंवा मावशींना पहिल्या दिवशी तुमच्यासमोर एकदा उचलणे, कूस बदलणे आणि नळीतून भरवणे करून दाखवायला सांगा. पडून असलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते आणि भरवताना डोक्याकडची बाजू उंच ठेवावी लागते. दिवसाची आणि रात्रीची मावशी बदलताना वहीत लिहिलेले वाचून दाखवण्याची सवय लावा, कारण घरातही सांधा असतोच.

डब्यात औषधे भरण्याचे काम एकानेच करावे आणि दुसऱ्याने तपासावे. जुनी पाकिटे डब्याशेजारी ठेवू नका.

पोटरी सुजणे, अचानक धाप लागणे, छातीत दुखणे, जखमेतून स्राव, ताप, किंवा नेहमी नीट बोलणारी व्यक्ती एकाएकी असंबद्ध बोलू लागणे, यांपैकी काही दिसले तर पुढच्या भेटीच्या तारखेची वाट पाहू नका. धाप, छातीतील दुखणे आणि शुद्ध हरपणे यांसाठी थेट १०८. वृद्ध माणसाचे असंबद्ध बोलणे ‘वयामुळे’ म्हणून सोडून देऊ नका. त्यामागे संसर्ग, सोडियमची घसरण किंवा एखादे नवे औषध असू शकते.

आठवडाभरात समरी आणि नवी यादी घेऊन नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे जा, किंवा त्यांना घरी बोलवा. मोठ्या रुग्णालयातील तज्ज्ञ आपापला अवयव पाहतात. सगळी औषधे एकत्र मांडून ‘ही आता लागत नाही’ असे सांगणारा माणूस बहुधा पेठेतल्या दवाखान्यातच बसलेला असतो. आमच्या डॉक्टरांनी अकरा औषधांची सात केली आणि वहीच्या नव्या पानावर स्वतःच्या हाताने तारीख घातली. त्याच पानाच्या चार प्रती काढल्या: एक फाईलमध्ये, एक फ्रिजवर, एक सासूबाईंच्या पर्समध्ये आणि एक कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे.